घरबसल्या डेटा एन्ट्रीचे खरे काम नवख्याने कुठे आणि कसे शोधावे?

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. एमएस-सीआयटी झाली आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही दोन्ही प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. सासूबाईंचे आजारपण आणि लहान मुलगी यांमुळे पुढची काही वर्षे तरी रोज साताऱ्याला किंवा पुण्याला नोकरीसाठी ये-जा करणे शक्य दिसत नाही. घरी लॅपटॉप आणि ब्रॉडबँड आहे आणि दिवसाचे चार तास मी निश्चितपणे देऊ शकते.

गेल्या महिन्यात काही नोकरीच्या संकेतस्थळांवर माहिती भरली, तेव्हापासून फोन आणि व्हॉट्सॲप संदेश सतत येत आहेत. त्यातला एक प्रस्ताव असा आहे : ५०० फॉर्मच्या प्रतिमा पाहून त्यांतील माहिती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, मुदत ७ दिवस, अचूकता किमान ९० टक्के आणि मोबदला २०,००० रुपये. नोंदणी शुल्क काहीही नाही. फक्त करारपत्रावर सही करून आधार, फोटो आणि पत्ता पाठवायचा आहे. शुल्क मागत नाहीत म्हणजे प्रस्ताव खरा असावा, असे घरच्यांचे मत आहे. मला मात्र खात्री वाटत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी येथे विचारते आहे.

हा प्रस्ताव स्वीकारावा का? नसेल, तर अनुभव नसलेल्या व्यक्तीला या क्षेत्रात खरे काम देणारे कोण असतात, मोबदला साधारण कसा ठरतो आणि आणखी काय शिकून घ्यावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुनी वही

पायवाटताई, सही करू नका. कारणे सविस्तर देतो, कारण ती समजली की असे पुढचे प्रस्तावही तुम्हाला स्वतःच पारखता येतील.

मी पुण्यातील एका कंपनीत डेटा एन्ट्री विभागाचा पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आधी त्या प्रस्तावातील हिशेब पाहा. ५०० फॉर्मना २०,००० म्हणजे एका फॉर्मला ४० रुपये. सरावलेल्या हाताला असा फॉर्म भरायला पाच-सहा मिनिटे लागतात. म्हणजे तासाला किमान ४०० रुपये झाले, आणि तेही ज्याच्या कामाचा एकही नमुना पाहिलेला नाही अशा अनोळखी माणसाला. या व्यवसायातला कोणताही देणारा असा दर देत नाही, कारण त्यालाही पुढे ग्राहकाकडून प्रत्येक नोंदीमागे ठरावीक रक्कमच मिळत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिमा पाहून जसेच्या तसे टाइप करण्याचे काम आता फारसे उरलेले नाही. छापील मजकूर ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) वाचते. माणसाच्या वाट्याला येते ते त्याने चुकीचे वाचलेले दुरुस्त करणे, हस्ताक्षरातील कागद वाचणे, बिलांवरील रकमा आणि तारखा पडताळणे, ऑनलाइन दुकानांच्या वस्तूंची माहिती योग्य रकान्यांत बसवणे, सर्वेक्षणाचे अर्ज तपासणे आणि पुनरावृत्त झालेल्या नोंदी शोधून काढणे. या सगळ्यात बोटांच्या वेगापेक्षा नजरेची आणि निर्णयाची गरज अधिक असते.

अचूकतेविषयी विशेष लिहितो, कारण फसवणुकीची खरी मेख तिथेच असते. महत्त्वाचे कागद आम्ही दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून स्वतंत्रपणे भरून घेत असू. दोन्ही नोंदी यंत्राने ताडून पाहिल्या जात आणि जिथे फरक निघे तिथे तिसरी व्यक्ती मूळ कागद पाहून निर्णय देई. चूक कोणत्या नोंदीत, कोणत्या रकान्यात आणि काय झाली याची यादी काम करणाऱ्याच्या हातात पडत असे, आणि ती पाहूनच नवीन माणूस शिकत असे. तुमच्या प्रस्तावात अचूकता कोण, कशी मोजणार आणि चुकांची यादी तुम्हाला दाखवणार का, हे विचारून पाहा. त्या प्रश्नाला सरळ उत्तर येणार नाही.

आता घरून करण्याच्या कामाविषयी. ते दुर्मीळ का आहे, हे नवख्यांना कोणी सांगत नाही. आमच्या विभागात मोबाइल आत नेता येत नसे आणि संगणकांची यूएसबी बंद केलेली असे, कारण कागदांवर लोकांची नावे, खाते क्रमांक आणि आजार लिहिलेले असतात. २०२३ साली वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यामुळे ही काळजी आणखी वाढली आहे. जो खरोखर लोकांची माहिती सांभाळतो, तो ती पहिल्याच दिवशी अनोळखी घरात पाठवत नाही. घरून काम बहुधा मिळते ते आधी कोणीतरी तुमचे काम पाहिल्यानंतर, आणि म्हणून सुरुवात जवळच्या, ओळखीच्या ठिकाणाहून करावी असे माझे ठाम मत आहे. खोटा देणारा आधी स्तुती करतो आणि लगेच निवड कळवतो. खरा देणारा आधी तुमची परीक्षा घेतो.

दिवाणी

जुनी वही यांनी आर्थिक बाजू नेमकी मांडली आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि या प्रकारच्या करारपत्रांनी घाबरलेली माणसे माझ्याकडे येतात. त्यांत बहुतेक विद्यार्थी आणि गृहिणी असतात. म्हणून कायदेशीर बाजू लिहितो.

शुल्क मागितले नाही म्हणजे प्रस्ताव खरा, हा समज या फसवणुकीला फार उपयोगी पडतो. पूर्वी नोंदणी शुल्क किंवा सुरक्षा ठेव आधी घेत असत. लोक सावध झाले, तेव्हा पैसे मागण्याची वेळ पुढे ढकलण्यात आली. आता करारपत्र मोफत असते, पण त्यात मुदत किंवा अचूकता पाळली नाही तर सॉफ्टवेअरचे किंवा सेवेचे शुल्क म्हणून पाच-सात हजार रुपये भरावे लागतील, अशी अट असते. काम सुरू झाल्यावर सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते, मदत क्रमांक लागत नाही, आणि सगळे फॉर्म वेळेत पूर्ण केले तरी अचूकता ९० टक्क्यांच्या थोडी खाली आल्याचे कळवले जाते. त्यानंतर वकिलाच्या नावाने नोटीस येते, मग न्यायालयाचा शिक्का असलेले पत्र येते आणि शेवटी पोलिसांचे नाव सांगून फोन येतो. रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली असते की माणसाला वकील करण्यापेक्षा ती भरून टाकणे सोपे वाटावे.

कायद्याची स्थिती याहून वेगळी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि कपटाने मिळवलेली संमती असेल तर तो करार ज्याची फसवणूक झाली त्याच्या इच्छेनुसार रद्द करता येतो, हे कलम १९ मध्ये आहे. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप देय होत नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देऊ शकते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. मुख्य म्हणजे ठरलेले काम पूर्ण न होणे ही दिवाणी बाब आहे आणि केवळ तेवढ्यासाठी पोलीस कोणाला अटक करत नाहीत.

एक सूचना मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कोणत्याही कामासाठी सही केलेला कोरा धनादेश देऊ नये. तो वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेशांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकते आणि मग बाब गंभीर होते.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. मी त्या व्यक्तीला अचूकता कशी मोजणार ते विचारले. उत्तर न देता त्यांनी आजच सही न केल्यास जागा दुसऱ्याला जाईल असे कळवले. मी नकार दिला आहे.

परंतु हे वाचताना एक काळजीची गोष्ट समजली. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने असाच करार दोन महिन्यांपूर्वी केला होता. त्याला ६,८०० रुपये भरण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे आणि त्यात "४२० चा गुन्हा" असे लिहिले आहे. मुलगा कोणाशी बोलत नाही, जेवतही नाही. काकूंनी पैसे भरायचे ठरवले आहे. त्यांना काय सांगू?

दिवाणी

पैसे भरू नयेत हे आजच सांगा, आणि शक्य असेल तर त्या मुलाजवळ थोडा वेळ बसा. त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, हे त्याला मोठ्या माणसाकडून ऐकण्याची गरज आहे. एकदा पैसे भरले की प्रकरण मिटत नाही. ना-हरकत प्रमाणपत्राच्या किंवा प्रकरण मागे घेण्याच्या नावाने पुढची मागणी येते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या तारखेनंतरच्या कृत्याला फसवणुकीसाठी कलम ३१८ लागते, ४२० नव्हे. दोन महिन्यांपूर्वीच्या करारासाठी जुने कलम लिहिणारी नोटीस कोणत्या दर्जाची आहे हे त्यावरून कळते. धाक दाखवून पैसे उकळणे हाच उलट कलम ३०८ खालील गुन्हा आहे. नोटिशीवर वकिलाचे नाव असेल तर तशी व्यक्ती सनदधारक आहे का, याची चौकशी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करता येते. न्यायालयात खरोखर दावा दाखल झाला असेल तर त्याला सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव घालून कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो. असा शोध काकूंसमोरच घेऊन दाखवा, त्यांची अर्धी भीती जाईल.

यानंतर करारपत्र, संदेश, फोन क्रमांक आणि नोटीस यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळवले तरच ती गोठवता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, त्यामुळे अर्ज काकूंच्या नावाने करता येईल का तेही तेथे विचारता येईल. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

त्या मुलाला आणखी एक सांगून ठेवा. अशा अवस्थेतल्या मुलांकडे नंतर कंबोडिया, लाओस किंवा म्यानमारमधील "डेटा एन्ट्री ऑपरेटर"च्या नोकरीचे प्रस्ताव येतात. तिकडे नेऊन भारतीय तरुणांकडून सक्तीने सायबर फसवणुकीचे काम करून घेतल्याची प्रकरणे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलेली आहेत. परदेशातील नोकरी देणारा दलाल नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहिल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये.

सातासमुद्र

मी परदेशी ग्राहकांसाठी घरून काम करते, म्हणून त्या मार्गाविषयी लिहिते. अपवर्क, फायव्हर आणि फ्रीलान्सर ही संकेतस्थळे खरी आहेत, तरीही तेथे येणारा प्रत्येक ग्राहक खरा नसतो. अपवर्कवर अर्ज करण्यासाठी कनेक्ट्स (अर्जासाठी खर्च होणारे टोकन) विकत घ्यावे लागतात आणि फायव्हर मोबदल्यातून २० टक्के कापून घेते. त्यामुळे "पैसे मागितले की फसवणूक" हा नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. पाहायचे ते पैसे कोण मागतो हे. संकेतस्थळ आपले जाहीर केलेले शुल्क घेते, तर ग्राहकाने प्रशिक्षण, सॉफ्टवेअर किंवा पडताळणीसाठी एक रुपयाही मागणे गैर आहे.

ग्राहकाची पैसे देण्याची पद्धत पडताळलेली आहे का, त्याने आजवर किती खर्च केला आहे आणि आधीच्या कामगारांनी काय लिहिले आहे, हे अपवर्कवर दिसते. ज्याने पूर्वी कोणालाच काम दिलेले नाही आणि जो पहिल्याच संदेशात टेलिग्रामवर बोलावतो, त्याला उत्तर देऊ नये. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाने पैसे आधी संकेतस्थळाकडे जमा केले आहेत याची खात्री झाल्यावरच काम सुरू करावे. फसवणारे लोक टेलिग्रामवर नेऊन आधी व्हिडिओ पसंत करण्याचे थोडे पैसे देतात आणि मग मोठ्या "टास्क"साठी आपल्याकडून पैसे भरून घेतात. अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीत वापरली जाणारी १०० हून अधिक संकेतस्थळे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली होती.

आपले खाते भाड्याने मागणारेही भेटतील. अपवर्कची ओळख असो वा बँकेचे खाते, ते दुसऱ्याला वापरायला दिल्यास पुढे पोलीस चौकशी आपल्याच दारात येते. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवावे. कॅप्चा ("मी यंत्र नाही" हे सिद्ध करण्यासाठी संकेतस्थळे दाखवतात ती वेडीवाकडी अक्षरे) भरण्याच्या कामात वेळ घालवू नये. हजार कॅप्चांना फारतर डॉलरच्या आसपास मिळते, आणि ज्या यंत्रांना अडवण्यासाठी कॅप्चा असतो त्यांनाच आपण वाट करून देत असतो.

नवख्याला या संकेतस्थळांवर पहिले काम मिळायला बराच काळ जातो, हे मी स्पष्टपणे सांगते. डेटा एन्ट्रीच्या साध्या जाहिरातीवर जगभरातून अर्ज येतात. "मी सर्व प्रकारची डेटा एन्ट्री करते" असे लिहिण्यापेक्षा "मराठी आणि हिंदी बिलांमधील माहिती इंग्रजी तक्त्यात भरते" असे लिहिलेला अर्ज उघडला जाण्याची शक्यता अधिक असते, कारण ते काम फिलिपाइन्समधील किंवा केनियातील माणूस करू शकत नाही.

अक्षरजुळणी

सातासमुद्र यांचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मी डीटीपीच्या व्यवसायात आहे आणि शुद्ध युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती) मराठीत नीट नोंद करणारी माणसे मिळत नाहीत हा माझा रोजचा अनुभव आहे.

टंकलेखनाचे प्रमाणपत्र हा चांगला पाया आहे, परंतु मराठी विदा भरताना त्यापुढचे काही माहीत असावे लागते. अनेक जुन्या कार्यालयांतील मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये उघडला की निरर्थक अक्षरे दिसतात आणि रूपांतर केल्यावरही जोडाक्षरे तपासावी लागतात. "ॲड." मधला ॲ एका स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि शोध घेतल्यावर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. "दऱ्या" सारख्या शब्दांतील अर्ध्या र चेही तसेच आहे. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी कोणती पद्धत वापरायची ते ग्राहकाशी ठरवून एका कागदावर लिहून घ्यावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. देवनागरी आकडे एक्सेलमध्ये बहुधा मजकूर म्हणून राहतात आणि त्यांची बेरीज होत नाही, म्हणून आकडे कोणत्या लिपीत हवेत हेही आधीच विचारावे.

एक्सेलविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांनी पुष्कळांचे काम नाकारले गेलेले मी पाहिले आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. १६ अंकी क्रमांक सरळ टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शून्य गळून पडते. अमेरिकेतील बॉस्टनचे टपाल क्रमांक ०२ ने सुरू होतात, ते अशा रीतीने चार अंकी होऊन बसतात. म्हणून ज्या रकान्याची बेरीज कधीच करायची नाही, तो रकाना आधीच टेक्स्ट म्हणून ठरवून घ्यावा. तारखेचा घोळ तर नेहमीचाच आहे. ०५/०७ म्हणजे भारतात ५ जुलै आणि अमेरिकेत ७ मे.

सरावासाठी आणि दाखवण्यासारखा नमुना तयार करण्यासाठी मराठी विकिस्रोतावर काम करावे असे मी सुचवीन. तेथे प्रताधिकारमुक्त जुन्या पुस्तकांची पाने मजकुराशेजारी दिसतात, ओसीआरच्या चुका सुधाराव्या लागतात, आणि एकाने तपासलेले पान दुसऱ्याने प्रमाणित केल्यावरच ते हिरवे होते. पैसे मिळत नाहीत. परंतु आपल्या सदस्यनावाखाली केलेले प्रत्येक संपादन तारखेसह जाहीर राहते आणि ग्राहकाला तो दुवा पाठवता येतो. अनुभवाचे प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण आहे.

माणदेशी

आमच्या भागात ज्यांना असे काम मिळाले, त्यांतल्या बहुतेकांना ते जाहिरातीतून मिळालेले नाही, हे नोंदवतो.

पायवाटताई वाणिज्य पदवीधर आहेत, तेव्हा टॅली (हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर) शिकून तालुक्यातील एखाद्या सीएच्या किंवा करसल्लागाराच्या कार्यालयात विचारावे. विवरणपत्रांच्या हंगामात त्यांच्याकडे खरेदी-विक्रीच्या बिलांचे गठ्ठे पडून असतात. पहिले काही दिवस तेथे बसून काम दाखवले की पुढे स्कॅन केलेली बिले घरी पाठवायला ते तयार होतात. माझी भाची हेच करते. त्याखेरीज औषधांची घाऊक दुकाने, पतसंस्था आणि दूध संस्था यांच्याकडे जुन्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम निघते. सार्वजनिक ग्रंथालयांत अजूनही दाखलनोंदीच्या हस्तलिखित वह्या आहेत. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर उपलब्ध असले, तरी त्यात हजारो पुस्तकांची नावे भरायला ग्रंथपालाकडे माणूस नसतो. पैसे कमी मिळतील, परंतु वहीत लोकांची खासगी माहिती नसल्यामुळे ते काम घरी देण्यास अडचण येत नाही.

शासकीय बाजूने पाहायचे झाल्यास केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचे महास्वयम या दोन्ही ठिकाणी नोंदणी विनामूल्य आहे. मात्र शासकीय पोर्टलवर दिसणारी खासगी जाहिरातही स्वतः पडताळावी. कंपनीचे नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो, त्यानंतर तेथील पत्त्यावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर आपण होऊन फोन करावा, कारण खऱ्या कंपनीचे नाव खोटा माणूस सर्रास वापरतो. नुसती नोंदणी आढळली म्हणून निश्चिंत होऊ नये.

बंगळुरूची "कार्या" ही ना-नफा संस्था भारतीय भाषांतील आवाज आणि मजकूर गोळा करण्याचे सशुल्क काम मोबाइलवरून देते. ते काम बहुधा स्थानिक संस्थांमार्फत येते, म्हणून आपल्या भागातील महिला बचत गटांच्या महासंघाकडे त्याविषयी विचारणा करून ठेवावी.

पायवाट

आज काकूंसोबत बसून ई-कोर्ट्सवर शोध घेतला. काहीही सापडले नाही. मुलाने स्वतः पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि आज तो सर्वांसोबत जेवला. दिवाणी यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते सुचत नाही.

माणदेशी यांचे वाचून येथील ग्रंथालयात जाऊन आले. अंदाजे नऊ हजार पुस्तकांच्या वह्या आहेत आणि समितीची काम द्यायची तयारी आहे, पण दर मीच सांगावा असे ग्रंथपाल म्हणाले. मला दर कसा लावावा ते कळत नाही. टॅलीचा वर्गही पुढच्या महिन्यापासून लावते आहे.

जुनी वही

दर आत्ताच सांगू नका. ग्रंथपालांकडून वेगवेगळ्या वर्षांच्या वह्यांतील ५० नोंदी मागून घ्या, जुन्या शाईच्या आणि मोडीसारख्या वळणाच्या अक्षरांच्याही त्यात असू द्या, आणि घड्याळ लावून भरा. भरण्याचा वेळ आणि नंतर वहीशी ताडून पाहण्याचा वेळ वेगवेगळा लिहून ठेवा, कारण नवखी माणसे दुसरा वेळ धरतच नाहीत. समजा दोन्ही मिळून एका नोंदीला तीन मिनिटे लागली, तर तासाला २० नोंदी होतील. तुमच्या एका तासाचे किमान किती मिळायला हवेत ते ठरवून त्याला २० ने भागा. तो तुमचा दर. तासाला ८० रुपये अपेक्षित असतील तर नोंदीला ४ रुपये आणि नऊ हजार नोंदींचे ३६,००० होतात. रोज चार तास दिलेत तर साधारण चार महिन्यांचे काम आहे. समितीला ही रक्कम जास्त वाटली तर दर उतरवण्याऐवजी रकाने कमी करण्याचा पर्याय द्या. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि विषय एवढेच आधी भरले तरी वाचकांचे काम भागते.

ठरल्यावर एका पानाचे पत्र दोघांच्या सहीने करून घ्या. कोणते रकाने भरायचे, न वाचता येणाऱ्या शब्दाजागी कोणती खूण करायची, चुका सापडल्यास त्या किती दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायच्या आणि पैसे कधी मिळणार, हे त्यात असावे. सगळे काम संपल्यावर एकरकमी पैसे घेण्याचे मान्य करू नका. दर ५०० नोंदींनंतर ग्रंथपालांनी त्यांतल्या २५ स्वतः निवडून वहीशी ताडून पाहाव्यात, चुकांची यादी तुम्हाला द्यावी आणि तेवढ्या नोंदींचे पैसे त्या आठवड्यात तुमच्या खात्यात जमा करावेत. वह्या घरी न आणता पानांचे फोटो काढून आणा, आणि फाइलची एक प्रत रोज संध्याकाळी ग्रंथालयाच्या ईमेलवर पाठवत जा.

त्या ५० नोंदी झाल्या की किती वेळ लागला ते येथे लिहा. दर लावण्याआधी आपण तो हिशेब पुन्हा एकदा पाहू.